पन्हाळ्यावर नेता येईल अशी रंगपेटी

आमच्या बाई कोल्हापूरच्या एका हायस्कूलमधून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. मी त्यांचा विद्यार्थी. शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्नचं काम आहे. फौंड्रीत बिडाचं कास्टिंग ओतण्याआधी वाळूत ज्या लाकडी नमुन्याचा ठसा घेतात, तो नमुना आम्ही घडवतो. मिलिमीटरच्या भागात मोजायचं आणि बीड गार होताना आकसतं म्हणून शेकडा एक मोठं करायचं, अशी आमच्या हातांची सवय. त्यामुळे बाईंनी "मला बाहेर चित्र काढायला एक हलकी पेटी करून देशील का?" असं विचारलं तेव्हा हे काम आपल्या हातचं आहे, असं मला लगेच वाटलं. करताना मात्र सुताराच्या कामापेक्षा चित्रकाराच्या सवयी समजून घेण्यातच जास्त वेळ गेला. ते सगळं इथे नोंदवतो आहे. अशी पेटी करायची इच्छा असलेले लोक बरेच भेटतात आणि बहुतेकजण सुरुवात लाकडापासून करतात.

बाई तैलरंगात काम करतात. रंकाळ्याचा संध्यामठ, पंचगंगेचा घाट, हिवाळ्यात गुऱ्हाळांचा धूर, हे त्यांचे ठरलेले विषय. पन्हाळा मात्र सुटला होता. एसटीनं जाऊन स्टँडपासून सज्जाकोठीपर्यंत सामान वाहणं त्यांच्या खांद्याला झेपत नव्हतं. त्यांच्याकडे पाय घडी होणारी मोठी लाकडी इझल-पेटी, म्हणजे चित्र उभं धरणारा घोडा आणि रंगपेटी एकत्र, अशी होती. आम्ही ती तराजूवर ठेवली तर सहा किलोंच्या वर. चाळीस मिलीच्या सोळा ट्यूब सव्वा किलो. काचेच्या बाटलीत अर्धा लिटर टर्पेंटाइन. बारा बाय सोळा इंचांचे दोन कॅनव्हास, ब्रश, चाकू, फडकी, घडीचं स्टूल. सगळं मिळून पाण्याशिवाय जवळजवळ अकरा किलो भरलं.

प्रत्येक वस्तू वेगळी तोलायची आणि वहीत लिहायची, हे मी आग्रहानं केलं. "जड आहे" या तक्रारीवरून पेटी करता येत नाही. आकडे समोर आले की वजन कुठे बसलंय ते दिसतं. इथे इझल सोडली तरी साडेचार किलो उरत होते. म्हणजे फुलासारखी हलकी पेटी करून दिली असती, तरी ते साडेचार किलो बाईंच्या खांद्यावर राहिलेच असते.

आधी चित्राचा आकार

हलक्या पेटीचा सगळा हिशेब चित्र केवढं काढायचं यावर उभा असतो. बारा बाय सोळा म्हणजे १९२ चौरस इंच. आठ बाय दहा म्हणजे ८०. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं, तसा रंग कमी लागतो, पॅलेट लहान चालतं, पेटी लहान होते, आणि पेटी लहान झाली की तिला धरणारा स्टँडही हलका चालतो. एका निर्णयानं चार ठिकाणी वजन उतरतं. जाड फळीऐवजी पातळ फळी घेतली तर ते एकाच ठिकाणी उतरतं.

बाईंना हे सहज पटलं नाही. "एवढ्याशा जागेत हात फिरवायचा कसा? मी काय पोस्टकार्ड रंगवू?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण उन्हाची दिशा तास-दोन तासांत बदलते. बाहेर बसून मोठा कॅनव्हास पुरा करताना सकाळच्या सावल्या आणि दुपारच्या सावल्या एकाच चित्रात येतात, हे त्यांनीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं. जागेवर लहान अभ्यासचित्र करायचं आणि मोठं चित्र घरी, त्यावरून, असं ठरलं. आठ बाय दहा, म्हणजे साधारण २०.३ बाय २५.४ सेंमी. जाडी ३ मिमी एमडीएफ, दोन हात प्रायमर दिलेला. असा एक पॅनल सव्वाशे ग्रॅमच्या आत येतो, आणि ताणलेल्या कॅनव्हाससारखा वाऱ्यात थरथरत नाही.

मग रंग. सोळांतून सात ट्यूब ठेवल्या, त्याही वीस मिलीच्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद राखाडी होतो, तो घाटाच्या काळ्या दगडाला तयार काळ्या रंगापेक्षा जास्त जिवंत दिसतो. पन्हाळ्याच्या जांभ्या दगडाला बर्न्ट सिएना लागतोच. सॅप ग्रीनवर बाई अडल्या, कारण आपल्याकडे चारी बाजूंना ऊस. दोन-तीन ठिकाणी काम केल्यावर त्यांनी स्वतःच तो काढला. लेमन यलो, अल्ट्रामरीन आणि चिमूटभर ऑकर यांतून उसाचे सगळे हिरवे निघतात आणि ते एकमेकांशी नातं ठेवून असतात, असं त्यांचं मत झालं. सात ट्यूब मिळून सव्वातीनशे ग्रॅम.

ट्यूब ही आता आपल्याला साधी गोष्ट वाटते. पण जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढता येणाऱ्या पातळ धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं ते १८४१ साली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. उघड्यावर तैलरंगात काम करणं त्यानंतर सोपं झालं. आपल्याच गावात अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परतले, शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले आणि रंकाळा-पंचगंगेच्या परिसरात निसर्गचित्रं करत राहिले. १९३१ साली ते गेले. बाबूराव पेंटरांनी तर सिनेमाचा कॅमेराच इथे घडवला. चित्रकाराला लागणारं साधन गावातल्या कारखान्यात घडावं, ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

ब्रशचा प्रश्न

पेटीचा आकार पॅनलवरून ठरतो असं म्हटलं, पण त्यात ब्रश आडवे येतात. तैलरंगाचे ब्रश लांब दांडीचे, तीस सेंमीच्या आसपास. पेटीच्या आतली जागा साडेपंचवीस बाय साडेवीस. कर्ण जवळजवळ तेहतीस सेंमी होतो, म्हणजे ब्रश तिरके ठेवले तर मावतात, पण मग ट्यूबना सलग जागा उरत नाही. पेटी लांबीत सात सेंमी वाढवली तर वजनात पाव हिस्सा भर पडते. मी दांड्या कापायचं सुचवलं. बाई म्हणाल्या, "दांडी कापलीस तर मी चित्राच्या जवळ येणार. लांबून धरला तरच अख्खं चित्र डोळ्यांत राहतं." हा मुद्दा वजनापेक्षा मोठा होता. शेवटी पाच ब्रश आणि चाकू कापडाच्या गुंडाळीत घालून ती गुंडाळी स्टँडच्या पायांना बांधायची, असं ठरवलं. पेटीतून ब्रश बाहेर गेल्यामुळे तिची उंचीही कमी करता आली. माझ्या मते या कामातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

साहित्य

उद्यमनगरात राहून अॅल्युमिनियम सुचवणारे न भेटले तरच नवल. हिशेब केला. एक मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला २.७ किलो. चार मिमी चांगला प्लायवूड साधारण २.८ किलो. वजन जवळपास सारखंच. पण फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अॅल्युमिनियम मूळचं प्लायच्या आठ-नऊ पट ताठ असलं, तरी जाडी चौपट असल्यामुळे प्लाय चौसष्ट पटींचा फायदा घेतो. म्हणजे त्याच वजनात प्लायची फळी सातेक पट ताठ होते. शिवाय पत्रा उन्हात तापतो आणि त्याला स्क्रू धरत नाही. पत्र्याचा विचार तिथेच सोडला.

वरच्या आणि खालच्या फळीला चार मिमी प्लाय घेतला, आयएस ७१० चा, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या फिनॉलिक चिकटाचा. आपल्या पावसाळ्यात साधा एमआर प्लाय (फक्त दमटपणाला टिकणारा) कडांना फुगतो. घेताना कडेवरून नीट बघावं. मधल्या थरात पोकळी दिसली तर तो तुकडा घेऊ नये, कारण चार मिमीमध्ये एक पोकळी म्हणजे तिथे फळी जवळजवळ उरलेलीच नसते. सहा मिमी घेतला असता तर दोन्ही फळ्या मिळून दीडशे-एकशे साठ ग्रॅम वाढले असते, म्हणजे तीन-चार ट्यूबइतके.

बाजूच्या पट्ट्या पाईनच्या, आठ मिमी. परदेशातून येणाऱ्या यंत्रांच्या पेट्यांचं पाईन आमच्याकडे स्वस्तात मिळतं. गाठी टाळून घेतलं की हलकं आणि सरळ निघतं. सागवान दिसायला देखणं, पण त्याच मापाला ते वजनात सव्वा ते दीडपट जातं.

पॅलेटसाठी बाईंना काच हवी होती, कारण पुसायला सोपी. तीन मिमी काच त्या मापाला पावणेचारशे ग्रॅम, अॅक्रिलिक पावणेदोनशे, प्लाय शंभरच्या आत. प्लाय घेतला आणि त्याला जवसाचं तेल पुन्हा पुन्हा चोळून मुरवलं. त्याचा तपकिरी रंग राखला. पांढरं पॅलेट उन्हात डोळ्यांवर येतं आणि त्यावर प्रत्येक रंग आहे त्याहून गडद वाटतो. बाई पॅनलला फिका तपकिरी हात देऊन सुरुवात करतात. पॅलेट आणि पॅनल एकाच छटेचे असले की मिसळलेला रंग चित्रात गेल्यावर बदललेला वाटत नाही.

तेल चोळलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल हवेत वाळताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. अशी फडकी आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत.

बांधणी

पेटी सहा बाजूंनी बंद अशीच आधी जोडली. कोपऱ्यांना खाच, पाण्याला टिकणारा मरीन फेव्हिकॉल, रात्रभर शिकंजात. दुसऱ्या दिवशी कडा रंध्यानं साफ केल्या आणि मग चारी बाजूंनी करवतीनं चिरून झाकण वेगळं केलं. असं केलं की झाकण आणि तळ एकमेकांवर तंतोतंत बसतात, गुण्या लावून दोन वेगळे भाग जुळवत बसावं लागत नाही. करवतीचा काप दोन-अडीच मिमी खातो, तेवढी उंची आधी वाढवून धरायची. बाहेरून माप सत्तावीस बाय बावीस सेंमी, तळाची उंची साडेतीन, झाकणाची दोन. मागे पितळी पियानो बिजागरी, म्हणजे सलग लांब पट्टीची.

झाकणाच्या आतल्या बाजूला दोन खाचा ठेवल्या. एकीत चालू पॅनल उभा राहतो. चित्र झालं की तो दुसऱ्या, आतल्या खाचेत उलटा सरकवायचा, ओली बाजू झाकणाकडे. मध्ये सहा मिमी मोकळी जागा, आणि पॅनलच्या दोन कडांना पाच मिमी पट्टी रंगाविना सोडायची. उरलेल्या दोन पॅनलसाठी सनपॅकच्या शीटचा खाचा असलेला डबा केला. दुकानांच्या पाट्यांना लागणारी ही पोकळ नळ्यांची प्लॅस्टिक शीट कटरनं कापता येते, आणि सगळा डबा सव्वाशे ग्रॅमच्या आत झाला.

झाकण हवं त्या कोनात थांबणं, हा खरा कसोटीचा भाग. साखळी लावली तर एकच कोन मिळतो. बाई बसून काम करतात तेव्हा झाकण मागे झुकलेलं लागतं, उभ्यानं करतात तेव्हा जवळजवळ सरळ. म्हणून दोन्ही बाजूंना बारा मिमी रुंद, दोन मिमी जाड अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, मध्ये लांब फट, आणि पाच मिमी बोल्टवर विंग नट. ब्रशनं पॅनलवर दाब दिला की तो दाब बिजागरीभोवती झाकण फिरवू पाहतो. पट्टीचा बोल्ट बिजागरीपासून जितका लांब, तितका त्याच्यावरचा जोर कमी. जागा आहे तेवढा, साडेआठ सेंमीवर घेतला. तरीही धातू आणि लाकूड यांच्यामध्ये नट घसरत होता. तिथे कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचे उरलेले तुकडे गोल कापून वॉशर म्हणून घातले. साल-हिरड्यात कमावलेलं हे कातडं कडक असतं, चेपलं की धरून ठेवतं. मेण चोळून घेतलं की पावसाळी हवेत फुगत नाही. बोटानं पाव फेरा आवळला की झाकण जागचं हलत नाही. रबरी वॉशरही चालेल, पण तैलरंगाच्या तेलानं रबर कालांतरानं मऊ पडतं.

स्टँड

इझलचे पाय गेले, त्यांच्या जागी कॅमेऱ्याचा सव्वा किलोचा ट्रायपॉड. त्याच्या माथ्यावरचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला वीस आटे. हार्डवेअरच्या दुकानात गेलं की सहा मिमीचा टी-नट, म्हणजे लाकडात रुतणारा दातेरी चकतीचा नट, हातात पडतो. तो दिसायला तसाच, पण त्याचा आटा एक मिमीचा, म्हणजे इंचाला पंचवीसच्या वर. जबरदस्तीनं फिरवला तर ट्रायपॉडचा स्क्रू खराब होतो. पाव इंची बीएसडब्ल्यू, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्याचा, मागावा. त्यालाही इंचाला वीसच आटे असतात. आट्याचा कोन थोडा वेगळा असला तरी या कामाला तो व्यवस्थित बसतो, आणि उद्यमनगरात कुठेही मिळतो. टी-नट आतल्या बाजूनं बसवायचा, म्हणजे स्क्रू आवळताना तो लाकडात रुतत जातो. चार मिमी प्लायला एकट्याला हा ताण सोसत नाही, म्हणून आतून सात सेंमी चौरसाचा नऊ मिमी जाड तुकडा चिकटवला.

नट कुठे बसवायचा, हे मोजून ठरवावं लागतं. बहुतेक पेट्यांना तो बरोबर मध्यावर असतो. पण झाकण उघडून मागे झुकलं की वजनाचा मध्य मागे सरकतो आणि ट्रायपॉडचा माथा हळूहळू मागे कलत जातो. मी पेटीत रंग, पॅलेट, पॅनल सगळं भरलं, झाकण नेहमीच्या कोनात उघडलं आणि पेटी एका गोल सळईवर आडवी तोलली. ती स्थिर राहिली ती रेषा मध्यापासून साडेचार-पाच सेंमी मागे आली. नट तिथे. एकाच स्क्रूवर पेटी उभी म्हणजे बाजूनं धक्का लागला की ती फिरते, म्हणून ट्रायपॉडच्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसतील अशा दोन बारीक पट्ट्या तळाला चिकटवल्या.

बाईंनी पेटी आधी रंकाळ्यावर नेली, मग पन्हाळ्यावर. सज्जाकोठीजवळ दुपारचा वारा चांगलाच असतो. उघडं झाकण शिडासारखा वारा धरतं, हे तिथे दिसलं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर न काढता पायांचीच उंची वाढवायची, एक पाय दृश्याच्या दिशेला आणि दोन आपल्याकडे ठेवायचे, आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून माथ्याखालच्या हुकाला जमिनीला जेमतेम टेकेल अशी टांगायची, एवढ्यानं पेटी थांबली. पाणी न्यावं लागतंच, तेच वजन कामाला आलं.

टर्पेंटाइन पूर्ण सोडलं. भरलेल्या एसटीत ती बाटली नेणं बरोबर नाही, आणि वासानं बाईंना त्रासही व्हायचा. झाकण घट्ट बसणाऱ्या लहान स्टीलच्या डबीत थोडं जवसाचं तेल. ब्रश फडक्यानं पुसायचे, गडदासाठी आणि उजळासाठी वेगळे ठेवायचे, आणि घरी साबणानं धुवायचे. पाचच ब्रश असल्यामुळे हे जमतं.

आताचा हिशेब असा: पेटी ७४० ग्रॅम, ट्रायपॉड सव्वा किलो, आणि रंग, ब्रश, पॅनल, डबा, तेल, फडकी मिळून सव्वा किलोच्या आत. पाण्याशिवाय सगळं सव्वातीन किलोंच्या आतबाहेर. अकरा किलोंतून जे उतरलं, त्यात पेटीच्या लाकडाची जाडी कमी करून वाचलेलं वजन दोनशे ग्रॅमही नाही. बाकीचं चित्राच्या आकारानं, रंगांच्या निवडीनं आणि स्टँड बदलण्यानं उतरलं.

सावलीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पॅनलवर थेट ऊन असलं की चित्र गडद काढलं जातं आणि घरी आल्यावर काळपट दिसतं. छत्री पेटीला लावली तर वारा पुन्हा तिलाच धरतो, म्हणून सध्या छत्रीचा दांडा वेगळा जमिनीत रोवायचा, नाहीतर झाडाखालची जागा शोधायची, असं चालू आहे. दरम्यान बाईंच्या एका मैत्रिणीला जलरंगासाठी अशीच पेटी हवी आहे. तिथे मापं बदलतात. इम्पीरियल कागदाचा आठवा भाग, म्हणजे साडेसात बाय अकरा इंच, ही चित्राची मर्यादा धरली आहे. कागद जवळजवळ आडवा, पंधरा-वीस अंशांच्या उतारावरच लागतो, त्यामुळे झाकण मागे पूर्ण उलगडलं पाहिजे आणि त्याचा भार पेलायला नट आणखी मागे न्यावा लागेल. जलरंगाचे ब्रश आखूड असल्यामुळे ते या पेटीत आत मावतील. पाईनच्या पट्ट्या चिरून ठेवल्या आहेत.